गोंदणाचा हात

काका,

तुम्ही गेलात तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं होतं की आता हे काम सोडते. सोडलं नाही. औंढ्यात मंदिराकडं जाणाऱ्या रस्त्यावरचा आपला स्टुडिओ गेला, तुमच्या मुलानं तिथं मोबाइलचं दुकान टाकलं, मी लग्न होऊन हिंगोलीला आले, आणि इतक्या वर्षांनंतरही मी फोटोखालच्या ओळीच लिहिते. फक्त फोटो आता कागदावर येत नाहीत. एक कंपनी आहे, तिच्याकडं गावोगावचे फोटोग्राफर फोटो आणि व्हिडिओचे तुकडे पाठवतात. वर्तमानपत्रवाले, पाठ्यपुस्तकवाले, माहितीपट करणारे ते तिथून घेतात. जाहिरातीसाठी नाही, बातमीसाठी. म्हणून प्रत्येक फोटोखाली कोण, काय, कुठं, कधी, एवढं खरं लिहिलेलं असावं लागतं. ते तपासून नीट करायचं काम मी घरातल्या खोलीत बसून करते. आपल्याकडचे फोटो बहुतेक माझ्याकडंच येतात, कारण लांबच्या माणसाला हळदीचं शेत केळीचं वाटतं. बातमीच्या फोटोत काही बदलायचं नसतं, डावं उजवीकडं करायचं नसतं. असा उलटा केलेला फोटो मी एका नजरेत ओळखते. शर्टाची बटणं कुठल्या बाजूला, पदर कुठल्या खांद्यावर, मोटारसायकलची किक कुठं. कंपनीतली माणसं विचारतात, हे कुठं शिकलात. मी म्हणते, एका स्टुडिओत.

बारावी झाल्यावर तुम्ही मला ठेवून घेतलंत ते बायकांसाठी. पासपोर्टच्या फोटोला आलेल्या बाईचा पदर नीट करायला, हनुवटी वर करायला पुरुषाचा हात नको म्हणून. पण महिनाभरात तुम्ही मला मागच्या खोलीत नेलंत. ते मूळचं स्वैपाकघर. ओट्यावर चुलीच्या जागी तीन ट्रे, मोरीत धुवायची बादली, खिडकीला काळा कागद, आणि वर लाल बल्ब. भर दुपारी बाहेर भाविकांची वर्दळ चालू असायची आणि आत आपण दोघं त्या लाल उजेडात कागदावर माणूस उमटायची वाट बघत उभे. आधी केस यायचे, मग भुवया, मग डोळे. चेहरा शेवटी यायचा. मला पहिल्या दिवशी वाटलं होतं की पाण्याखालून कुणीतरी वर येतंय. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही म्हणालात, वाटू दे, पण लिहू नको.

लिहायचं काम पोलिसांच्या फोटोंचं असायचं. सिद्धेश्वरच्या धरणात किंवा खाली पूर्णेच्या पात्रात कुणी सापडलं, की जमादार जीप घेऊन यायचे आणि तुम्ही कॅमेरा गळ्यात अडकवून निघायचात. मला कधी तिथं नेलं नाहीत. मी फक्त निगेटिव्हवरून मोठे फोटो काढायचे आणि प्रत्येकाच्या मागं वर्णन लिहायचे, ओळख पटावी म्हणून. पहिल्याच फोटोमागं मी लिहिलं होतं, बुडून मेलेला अनोळखी इसम. तुम्ही तो कागद माझ्यासमोर परत ठेवलात. आवाज न चढवता विचारलंत, "तू पाहिलं का त्याला बुडताना?" मी म्हटलं, पाण्यातच होता की. तुम्ही म्हणालात, "मग पाण्यात सापडला असं लिही. आपल्याला जेवढं दिसलं तेवढं आपलं. बाकीचं त्याचं." त्यानंतर मी कुणाला बुडवलं नाही, कुणाला विवाहित केलं नाही, कुणाचं वय थोडं मागंपुढं धरल्याशिवाय लिहिलं नाही. आज नव्या पोरींना शिकवताना मी हेच सांगते. तुमचं म्हणून सांगत नाही, माझं म्हणून सांगते.

आता त्या बाईचं लिहिते. तुम्हाला ती आठवत असेल की नाही, मला ठाऊक नाही. तुम्ही अशा कितीतरी पाहिल्या होत्या. ती धरणाच्या भिंतीपासून लांब, वरच्या अंगाला काठाशी सापडली होती. वीस-बावीसची असावी. तुम्ही सकाळी फोटो काढून आणि तिला तिथंच काठावर पुरेपर्यंत थांबून आलात, फिल्म धुतलीत, आणि तुम्हाला कळमनुरीला लग्नाच्या ऑर्डरीवर जायचं होतं म्हणून पुढचं सगळं माझ्यावर सोपवलंत. छोटी वही माझ्यापुढं ठेवलीत, तिच्यात तुमच्या तिरप्या अक्षरात चार ओळी होत्या. हिरवं लुगडं, डाव्या भुवईत जुन्या जखमेची खोच, उजव्या हातावर गोंदण, तीन ठिपके आणि त्याखाली विंचू. मी निगेटिव्ह फोटो मोठा करायच्या यंत्रात बसवली, कागदावर उजेड टाकला, कागद ट्रेमध्ये सोडला. केस आले. भुवया आल्या. मग डोळे आले, आणि ते उघडे होते. ओळख पटावी म्हणून जमादारांनी पापण्या वर केल्या असाव्यात. चेहरा सुजला होता, पण डोळे कुणाची तरी हाक ऐकल्यासारखे बाजूला वळले होते. मी ट्रे हलवायची थांबले. त्या खोलीत मला पहिल्यांदा असं वाटलं की आम्ही दोघी आहोत.

फोटो सुकल्यावर मी वर्णन लिहायला घेतलं आणि पाहिलं तर गोंदण डाव्या हातावर. खोच उजव्या भुवईत. वहीत दोन्ही उलटं. मी चार वेळा बघितलं. शेवटी म्हटलं, काकांची घाई झाली असेल. तुम्हीच सांगितलं होतंत की दिसेल तेच लिहायचं, आणि मला डावा हात दिसत होता. मी फोटोमागं डावा लिहिलं. वहीतसुद्धा तुमचं उजवा खोडून वर डावा लिहिलं. निगेटिव्हची चकाकी नसलेली बाजू खाली हवी ती वर राहिली होती, निगेटिव्ह यंत्रात उलटी बसली होती, हे तेव्हा माझ्या ध्यानीमनी नव्हतं. तुम्ही संध्याकाळी आलात, मी तुम्हाला फोटो आणि वही दोन्ही दाखवलं. तुम्ही चष्मा वर करून बराच वेळ फोटो बघितलात. मग हसलात आणि म्हणालात, "बराबर हाय तुजं. म्हातारा झालो मी." दुसऱ्या दिवशी जमादार फोटो न्यायला आले तेव्हा त्यांच्यासमोर म्हणालात की ह्या पोरीची नजर माझ्यापेक्षा पक्की आहे, आता वर्णनं हीच लिहील. चहा मागवलात. मला अजून त्या चहातल्या आल्याची चव सांगता येईल. त्या दिवसापासून तुम्ही स्वतःच्या वहीतली नोंद मला विचारून पक्की करायला लागलात. डोळे तुमचे चांगले होते, काका. त्यांच्यावरचा तुमचा भरवसा मी मोडला.

आठ-दहा दिवसांनी तिची माणसं आली. तुम्ही मंदिरासमोर भाविकांचे फोटो काढत होतात, स्टुडिओत मी एकटी. तांड्यावरचं जोडपं होतं. त्यांची लेक सासरी जायला म्हणून निघाली ती पोचलीच नव्हती. ठाण्यातून त्यांना सांगितलं होतं की बाईला पुरून झालं, फोटो बघा, ठाण्यातला वर पाठवलाय, त्याची एक प्रत स्टुडिओत आहे. मी काढून टेबलावर ठेवला. बाप म्हणाला, तोंड तसंच दिसतंय. आईनं फोटोवरून बोट फिरवत नेलं ते हातापाशी थांबवलं. मला विचारलं, मागं काय लिवलंय. मी वाचून दाखवलं. डाव्या हातावर गोंदण. तिनं मोठा श्वास सोडला. म्हणाली, माज्या पोरीचं उजव्या हाताला हाय, मी सोता बसून गोंदवून घेतलंय, ही न्हाई. बाप पुन्हा भुवईचं काहीतरी बोलायला लागला तर तिनं त्याला गप्प केलं. तिच्या तोंडावर आनंद होता. जाताना ती परत वळली, त्या फोटोवर हात ठेवला आणि अगदी हळू म्हणाली, "कुणाची गं तू, बाई?" तुमच्या वहीतला खोडलेला शब्द त्या वेळी मला आठवला का? आठवला. पण फोटो समोर होता. तुम्ही आल्यावर मी एवढंच सांगितलं की माणसं येऊन गेली, त्यांची नव्हती.

मग वर्षं गेली. तुम्ही गेलात. तुमचा मुलगा खोकी बाहेर काढत होता तेव्हा मी त्यातलं एकच पाकीट मागून घेतलं आणि त्यानं काहून हवंय असं विचारलं नाही.

यंदा उन्हाळ्याच्या सुरुवातीला नांदेडच्या एका फोटोग्राफरकडून फोटो आले. सिद्धेश्वरच्या वरच्या अंगाच्या एका तांड्यातल्या म्हाताऱ्या बायका, त्यांचं भरतकाम, त्यांची घरं. चाळीसेक फोटो आणि काही व्हिडिओ. एका फोटोत एक म्हातारी उंबऱ्यावर बसलेली, मागं भिंतीवर एका तरुण बाईचा चौकटीतला फोटो. खाली त्यानं लिहिलं होतं, दिवंगत मुलीच्या फोटोसोबत वृद्ध आई. मी थांबले, कारण चौकटीला हार नव्हता. कुंकवाचं बोट नव्हतं. मी त्याला फोन केला. दिवंगत हे कुणी सांगितलं, असं विचारलं. तो म्हणाला, आजीच म्हणाली की, पोरगी गेली म्हणून. मी विचारलं, गेली म्हणजे मेली, की गेली म्हणजे निघून गेली? तो म्हणाला, ते मी विचारलं नाही.

फोटो माझ्या पडद्यावर उघडाच होता. फोन ठेवून मी भिंतीवरची चौकट मोठी केली. कुठल्याशा स्टुडिओत काढलेला, शेजारी प्लास्टिकची फुलं, खुर्चीच्या पाठीवर हात. चेहरा अनोळखी होता, पण अनोळखी चेहऱ्यानं ज्या प्रकारे शांत राहायला हवं तसा तो राहत नव्हता. आपल्याच ओळखीच्या माणसाला कुणीतरी दुसरंच नाव सांगून उभं करावं तसं वाटत होतं. उजव्या हातावर काहीतरी काळसर होतं. मी त्याच जागेचा व्हिडिओ लावला. वीस सेकंदांचा. म्हातारी बसलेली आहे, वाऱ्यानं चौकट भिंतीवर हलते आहे, काचेवर उन्हाचा पट्टा येतो आणि तरुणीचा चेहरा पुसला जातो, पट्टा सरकतो आणि चेहरा परत येतो. केस, भुवया, मग डोळे. मी परत फोटोवर आले. उलटा केलेला फोटो तपासायला आमच्याकडं एक बटण असतं, त्यानं पडद्यावरचं चित्र डाव्याचं उजवं होतं. हात आपोआप त्या बटणावर गेला. चित्र फिरलं, आणि ती माझ्यासमोर होती. जिवंत, पावडर लावलेली, पण तीच. इतकी वर्षं ती माझ्या डोळ्यांसमोर उलटीच राहिली होती. सुलटी समोर आली तर ओळखता आली नाही.

त्या दिवशी मी दुसरं काही काम केलं नाही. दुसऱ्या दिवशी पाकिटातली निगेटिव्ह स्कॅन करून आणली आणि तिचा सरळ फोटो काढला. मग फोटोग्राफरकडून पत्ता घेऊन बसनं आणि पुढं रिक्षानं तांड्यावर गेले. ऊन चढलं होतं, माणसं रानात होती. म्हातारी त्याच उंबऱ्यावर बसलेली होती, फोटोत होती तशीच, जणू मी येईपर्यंत तिला हलायचं नव्हतं. मी आधी हार नसल्याचं विचारलं. ते विचारायलाच मी आले, असं स्वतःला सांगत होते. ती म्हणाली, "हार काहून घालू? मेली असं कोण म्हणलं?" नवरा वारला होता, मुलगा शेजारच्या शेतात होता. तिनं पाणी दिलं. मी काही न विचारता ती बोलत राहिली. म्हणाली, सपनात एक पोरगी येती. दाराशी उभी ऱ्हाती. लुगडं वल्लं असतं. मला आई मन्ती.

मी विचारलं, मग?

"तोंड माज्या लेकीसारकंच," ती म्हणाली, "पर गोंदण डाव्या हाताला. मी मन्ते, बाई, तू चुकून आली, तुजं घर दुसरं. अन् दार लावून घेते. लई साल झाली, येऊनच राहिली."

काका, मी तिथून उठून जाणार होते. चप्पल पायात घातली होती. त्या फोटोवरून तिचं बोट फिरलेलं मी पाहिलं होतं, तेव्हा तिच्या मनात डावा हात राहिला असेल आणि तोच स्वप्नात येत असेल, हे मला कळत होतं. कळून काही फरक पडत नव्हता. जिला मी उलटी केली ती तशीच उलटी इतकी वर्षं ह्या दारात येऊन परत जात होती. मी तिच्या मुलाला बोलावून आणायला सांगितलं. तो येईपर्यंत बसले. मग दोघांसमोर फोटो काढला आणि सांगितलं. स्टुडिओतली पोरगी मीच. कागदावर हात उलटा उमटला होता. चूक माझी, काकांनी वहीत बरोबर लिहिलं होतं. मुलगा फोटो घेऊन उजेडात गेला आणि परत आला तेव्हा त्याचं तोंड उतरलं होतं. म्हातारीनं फोटो मांडीवर ठेवला. उजवा हात बघितला. आपल्या अंगठ्यानं विंचवावरून फिरवलं, इतक्या सवयीनं की ते गोंदण तिनं किती वेळा धुतलं-पुसलं असेल ते मला दिसलं. रडली नाही.

"म्हंजी तीच येत व्हती," ती म्हणाली. "अन् मी तिला दारातून लावून देत व्हते."

मग तिनं मला फोटोमागं तिच्या लेकीचं नाव लिहायला सांगितलं. मी लिहिलं. ते नाव मी इथं लिहीत नाही, ते त्या फोटोमागंच राहू दे. आम्ही तिघं काठावर गेलो. पाणी आत सरकलं होतं, भेगाळलेला गाळ आणि मासे पकडणाऱ्यांची एक होडी कोरड्यावर पडलेली. तुमच्या त्या फिल्मवर शेवटचा फोटो पुरलेल्या जागेचा आहे, ताजी माती आणि मागं एक बाभूळ. आता तिथं सगळीकडं बाभळीच आहेत. मुलगा विचारत होता, हीच का, ही का. मला कुठल्याही झाडाकडं बोट दाखवता आलं नाही. म्हटलं, ह्या काठावर, एवढंच मला माहीत आहे. म्हातारीनं पदरातली भाकरी काढली, तिचे बारीक तुकडे केले आणि चालत चालत काठभर टाकत गेली. एकाही बाभळीला वगळलं नाही.

तो फोटो मी कंपनीकडून मागं घ्यायला लावला. कारण लिहिलं की कुटुंबाची इच्छा नाही. ते खरं आहे. महिन्याभरानं मुलाचा फोन आला. त्यांनी जेवण घातलं होतं, चौकटीला हार घातला होता. मी विचारलं, आई कशी आहे. तो म्हणाला, बरी हाय, पण झोपत न्हाई. दार उघडं ठेवून बसती. पोरगी अजून सपनात येती. आई तिला आत ये मन्ती, तर ती उंबऱ्याशी थांबती अन् मन्ती, बाई, मी चुकून आले, माजं घर दुसरं. एवढं सांगून त्यानं मलाच विचारलं की ह्याला काय करावं. आता दर चार-आठ दिवसांनी त्याचा फोन येतो. मी उचलते. प्रत्येक वेळी उचलते.

हे पत्र मी हातानं लिहितेय, कारण कॉम्प्युटरवर लिहिलं तर फाइलला नाव द्यावं लागेल. कुणाला दाखवायचं नाही आणि कुठं टाकायचंही नाही. तुमच्या मुलालाही नाही. पण तुम्हाला एक सांगायचं आहे. काठावरून परत येताना म्हातारीनं मला विचारलं होतं, "तुला कवा कळलं?" मी म्हटलं, आता, परवा, कॉम्प्युटरवर. ते खोटं आहे. ती माणसं येऊन गेल्यावर आठवड्याभरात जमादारांनी शेजारच्या जिल्ह्यांत पाठवायला आणखी एक प्रत मागितली. तुम्ही बाहेर होतात. ह्या वेळी निगेटिव्ह सरळ बसली, आणि लाल उजेडात माझ्यासमोर उजव्या हातावर विंचू वर आला. मला सगळं कळलं. ते जोडपं कुठल्या तांड्यावरचं हे ठाण्यात लिहिलेलं होतं, एक निरोप पुरला असता. पण तुम्ही जमादारांसमोर माझ्या नजरेचं कौतुक केलं होतंत. मी तो ओला कागद फाडून मोरीत टाकला, निगेटिव्ह काढली, पालथी केली, आणि नवी प्रत पहिलीसारखीच काढली.